परळच्या प्रयोगशाळेतून अकोले तालुक्यात

आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता, मग मुलीलाही होणार का? हा प्रश्न आपल्या वस्तीतल्या बायका एकमेकींच्या कानात विचारतात, डॉक्टरला विचारीत नाहीत. हाताला गाठ लागते, पण दुखत नाही म्हणून ती पदराआड राहते. मुलीच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून घरचेही गप्प बसतात. कोणी मागच्या जन्मीचे पाप काढतो, कोणी अंगारा लावतो आणि त्यात मोलाचे महिने निघून जातात.

या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर शोधणारी एक शास्त्रज्ञ मराठी होती आणि उतारवयात ती आपल्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात काम करीत होती, हे किती वाचकांना ठाऊक आहे? त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. शिकलेल्या बापाचे घर त्यांना लाभले, हे खरे. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, पण ताईंनी वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास निवडला. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झाले. तरी शिक्षण थांबले नाही. १९४३ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून त्या एम.एस्सी. झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी आणि त्यांतील आनुवंशिकता.

काचेच्या भांड्यातल्या पेशी

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्या कॅन्सरच्या संशोधनाकडे वळल्या. १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची विद्या शिकल्या.

याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या कॅन्सरच्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशी जगभर गेल्या, त्यांच्यावर औषधे आणि लसी तपासल्या गेल्या. पण त्या घेताना ना तिला विचारले, ना तिच्या घरच्यांना. विज्ञान कोणाच्या देहातून उभे राहते आणि त्याचा लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न तेव्हापासून जगापुढे आहे.

परत आल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती देशातली पहिली मानली जाते. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

वारसा म्हणजे शिक्षा नव्हे

उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, काहींत क्वचितच. असे का? कमलताईंनी दाखवले की आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि उंदरांतला एक विषाणू यांचा एकमेकांशी संबंध आहे. म्हणजे रोगाला कारण असते आणि ते शोधता येते.

उंदरांत तो विषाणू दुधातून पिलांकडे जातो. माणसांत मात्र आईच्या दुधातून कॅन्सर होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट, अंगावर पाजल्याने आईचा धोका थोडा कमीच होतो.

१९९४ आणि १९९५ साली परदेशी शास्त्रज्ञांनी माणसातली दोन जनुके ओळखली. त्यांत बिघाड असला तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. परंतु असे वारशाने आलेले कॅन्सर शंभरात साधारण पाच ते दहाच असतात. शिवाय हा बिघाड बापाकडूनही येतो, केवळ आईकडून नव्हे. तेव्हा सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावणे थांबवा. हा रोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्यानेही होत नाही.

डोंगरातल्या मुलांकडे

१९७३ साली कमलताईंनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. पुढे राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. नगर भागातल्या गावांत त्यांनी बायकांना आरोग्याची आणि आहाराची माहिती दिली. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात पाहिलेली बाई शेवटी उपाशी लेकराकडे पाहायला आली. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, स्तनात किंवा काखेत गाठ लागली, बोंडातून रक्त आले, बोंड आत ओढले गेले किंवा कातडी खळगा पडल्यासारखी दिसली, तर दुखण्याची वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि तपासून घ्या. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. असली आणि लवकर सापडली, तर बरे होण्याची आशा पुष्कळ असते. आईला किंवा मावशीला हा रोग झाला असेल, तर डॉक्टरला ते आधी सांगा. आणि बंधूंनो, त्या दिवशीचा खाडा झाला तरी चालेल, पण तिच्यासोबत जा.