विश्लेषण : घरातल्या प्रवाळांना फ्रिजमधले द्रवखाद्य आपोआप कसे भरवतात?

समुद्रकिनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत असलेल्या नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणे सोपे नाही. इंदिरानगरमधल्या एखाद्या सदनिकेत अशी टाकी ठेवायची, तर समुद्राचे पाणी मीठ मोजून तयार करावे लागते, तापमान राखावे लागते आणि पाण्यात लाटांसारखी हालचालही निर्माण करावी लागते. हे सगळे जमले तरी एक प्रश्न उरतो. प्रवाळ आणि पाणी गाळून खाणारे इतर जीव थोडे थोडे, पण दिवसरात्र खातात. त्यांचे द्रवखाद्य मात्र फ्रिजबाहेर काही तासांतच बिघडते. त्यामुळे हे काम यंत्राकडे सोपवण्याचा प्रयत्न जगभरचे हौशी मत्स्यपालक करतात. ही यंत्रणा कशी चालते, ती कुठे फसते आणि त्याआधी कायद्याचे कोणते बंधन पाहावे लागते, याविषयी...

प्रवाळांना मुळात भरवावे का लागते?

प्रवाळ हा दगडासारखा दिसणारा प्राणी आहे. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करते आणि प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग पुरवते. म्हणूनच अशा टाकीवर प्रखर दिवे लावलेले असतात. पण शैवालाकडून मुख्यतः साखर आणि स्निग्ध पदार्थ मिळतात. वाढीसाठी लागणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळवण्यासाठी प्रवाळ रात्री स्पर्शिका पसरून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पकडतात. १९२८-२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या मोहिमेने प्रवाळांच्या याच आहाराचा बारकाईने अभ्यास केला होता.

काही जीवांना तर शैवालाचा आधारच नसतो. केशरी-पिवळ्या रंगाचे ‘सन कोरल’, अनेक समुद्रपंखे, स्पंज, पिसाऱ्यासारखे तोंड उघडणारे ‘फेदर डस्टर’ कृमी हे पूर्णपणे किंवा प्रामुख्याने पाण्यातून मिळणाऱ्या अन्नावर जगतात. कितीही चांगले दिवे लावले, तरी त्यांची उपासमार टळत नाही.

दिवसातून एकदा हाताने दिले तर?

खरा समुद्र म्हणजे सतत वाहणारे पातळ सूप. तिथे अन्न एका वेळी फार नसते, पण ते येणे थांबत नाही. टाकीत दिवसभराचे खाद्य एकदम ओतले, तर जीव त्यातले थोडेच पकडू शकतात. उरलेले खाली बसून कुजते. त्यातून अमोनिया, मग नायट्रेट आणि फॉस्फेट वाढते, काचेवर व खडकावर नको असलेले शेवाळ चढते आणि रात्री पाण्यातला प्राणवायू घटतो. पोटात न गेलेले खाद्य हे टाकीसाठी प्रदूषणच असते. म्हणूनच तेवढेच खाद्य दहा-बारा वेळा विभागून देणे फायद्याचे ठरते. रात्री दोन वाजता उठून पिचकारीने खाद्य देणारा माणूस घरात नसतो, म्हणून यंत्र लागते.

खाद्य फ्रिजमध्येच का ठेवावे लागते?

कोरडे दाणे टाकणारी स्वयंचलित डबी बाजारात सहज मिळते. द्रवखाद्याचे तसे नसते. त्याचे ढोबळ दोन प्रकार. पहिला, जिवंत वनस्पती-प्लवकाचा. ‘नॅनोक्लोरोप्सिस’सारख्या शैवालाच्या पेशी अवघ्या दोन-तीन मायक्रॉनच्या असतात. सुमारे ४ अंश सेल्सिअसला, रोज हलवत राहिल्यास, हे खाद्य काही आठवडे टिकते. दुसरा प्रकार गोठवून पुन्हा वितळवलेल्या प्राणी-प्लवकाचा : रॉटिफर, कोपेपॉड, आर्टेमियाची पिल्ले. हे म्हणजे जवळजवळ वितळवलेली मासळीच. फ्रिजमध्येही ते एक-दोन दिवसांपुरतेच वापरावे. दोन्ही खाद्ये एकाच बाटलीत मिसळली, तर सगळ्या बाटलीचे आयुष्य त्या एक-दोन दिवसांवर येते.

कोणाला काय द्यायचे, हेही ठरलेले असते. स्पंज आणि पंखकृमी शैवालाच्या पेशी गाळून खातात. बहुतेक प्रवाळांना मात्र त्याहून मोठा, प्राणिजन्य घास लागतो. हिरवे पाणी ओतले म्हणजे सगळ्यांचे पोट भरले, असे होत नाही.

यंत्रणेत काय काय असते?

एक छोटा फ्रिज, त्यात खाद्याची बाटली, बाटलीतले खाद्य ढवळत ठेवणारे साधन, एक डोसिंग पंप, बारीक सिलिकॉन नळी आणि वेळ ठरवणारा टायमर, एवढे भाग पुरतात. डोसिंग पंप बहुधा ‘पेरिस्टाल्टिक’ जातीचा असतो. डायलिसिसच्या यंत्रात रक्त पुढे ढकलणारा, रुळासारखा फिरणारा पंप अनेकांनी पाहिला असेल. तत्त्व तेच. फिरते रूळ नळीला दाबत जातात आणि आतला द्रव पुढे सरकतो. द्रवाचा स्पर्श फक्त नळीला होतो, त्यामुळे पंपात खाद्य अडकत नाही आणि नाजूक पेशी फारशा चिरडल्या जात नाहीत. पंप थांबला की रुळाखाली दबलेली नळी झडपेचेही काम करते.

ढवळण्याकडे दुर्लक्ष झाले तर फजिती ठरलेली. प्लवक तळाशी बसते आणि पंप आधी गाळ, मग नुसते पाणी ओढतो. त्यासाठी चुंबकीय ढवळणी किंवा हवेच्या लहान पंपाचे बुडबुडे वापरतात. नळी आत नेण्यासाठी फ्रिजच्या भिंतीला भोक पाडण्याचा मोह टाळलेला बरा. अनेक छोट्या फ्रिजमध्ये शीतक वायूच्या नळ्या भिंतीतूनच जातात आणि त्यातली एक फुटली की फ्रिज निकामी होतो. दाराच्या रबरी पट्टीतून बारीक नळी घेणे सुरक्षित असते.

शेवटच्या मीटरचा प्रश्न काय आहे?

अशा यंत्रणांची खरी परीक्षा फ्रिजच्या बाहेर होते. फ्रिज ते टाकी हे अंतर एक मीटर आहे, असे समजा. नळीचा आतला व्यास ३ मिलिमीटर असेल, तर त्या एका मीटरमध्ये सुमारे ७ मिलिलिटर खाद्य मावते. दिवसाला ६० मिलिलिटर खाद्य १२ वेळा द्यायचे, म्हणजे दर दोन तासांनी ५ मिलिलिटर. आता हिशेब पाहा. प्रत्येक वेळी टाकीत पडणारे खाद्य दोन ते चार तास नळीतच, खोलीच्या तापमानात बसलेले असते. फ्रिज व्यवस्थित चालू असूनही टाकीत थेंबभरही थंड, ताजे खाद्य पोहोचत नाही. शिवाय नळीच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि पुढचे प्रत्येक खाद्य त्यातून जाते.

यावर पहिला उपाय बारीक नळीचा. व्यास १ मिलिमीटर केला, तर त्याच लांबीत ०.८ मिलिलिटरच मावते. पाच मिलिलिटरपैकी उरलेले ४.२ मिलिलिटर थेट फ्रिजमधून येते. पातळ शैवालासाठी हे चालते. आर्टेमियासारखे जाड खाद्य मात्र त्यात अडकते. दुसरा उपाय नळी धुण्याचा. खाद्याच्या पंपापुढे, फ्रिजजवळच टी-जोड लावून दुसऱ्या पंपाने टाकीतलेच पाणी प्रत्येक डोसनंतर नळीतून सोडायचे. नळीत मावते त्याहून थोडे जास्त, म्हणजे ७ ऐवजी १० मिलिलिटर. पाणी टाकीतूनच घेतल्याने क्षारता बदलत नाही.

नाशिककरांना हे नवे वाटू नये. ठिबकमधून विद्राव्य खत दिल्यावर शेतकरी काही मिनिटे साधे पाणी सोडतो, नाहीतर ड्रिपर तुंबतात. तसेच द्राक्षे तोडल्यावर लगेच पूर्वशीतकरण केले नाही, तर पुढच्या शीतगृहाचा उपयोग कमी होतो, हेही इथल्या बागायतदाराला कोणी सांगावे लागत नाही. थंडाव्याची साखळी जिथे तुटते, तिथूनच मालाचे आयुष्य मोजायचे असते.

उन्हाळा आणि वीज यांचा विचार कसा करावा?

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो. गाडीत वापरायचे किंवा सौंदर्यप्रसाधने ठेवायचे स्वस्त छोटे फ्रिज बहुधा ‘पेल्टिए’ पद्धतीचे असतात. ते बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच खाली जाऊ शकतात. खोलीत ३५ अंश असताना त्यांच्या आत १५-२० अंश राहतात, ४ नव्हे. त्यामुळे फ्रिज कॉम्प्रेसरचाच हवा आणि त्यात बाटलीशेजारी एक साधा तापमापक कायम असावा. फ्रिज भिंतीला चिकटवून, टाकीखालच्या बंद कपाटात कोंडला, तर उष्णता बाहेर पडत नाही आणि तोही हरतो.

वीज गेल्यावर काय चालू ठेवायचे, याचे उत्तर अनेकांना उलटे वाटेल. पाणी फिरवणारे पंप इन्व्हर्टरवर हवेत, कारण त्यांच्यावर प्राणवायू अवलंबून असतो. खाद्याचा पंप मात्र इन्व्हर्टरवर घेऊ नये. सांडलेली प्रथिने फेसातून बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर बंद असताना खाद्य पडत राहिले, तर टाकीचे दुप्पट नुकसान होते. प्रवाळ एक दिवस उपाशी राहू शकतात, प्राणवायूशिवाय रात्र काढू शकत नाहीत. टायमर मात्र वीज आल्यावर वेळ न विसरणारा, स्वतःची बॅटरी असलेला घ्यावा. दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो, छोटा फ्रिज त्याहून कमी. वीज बराच वेळ गेली असेल, तर वितळवलेले खाद्य टाकून देणेच स्वस्त पडते.

बिघाड झालाच तर?

सर्वांत घातक बिघाड म्हणजे पंप चालूच राहणे. टायमरचा रिले चिकटला की बाटली रिकामी होईपर्यंत खाद्य पडते. यावर सेन्सरपेक्षा साधा नियम अधिक भरवशाचा : बाटलीत एवढेच खाद्य ठेवावे, की ते सगळे एकदम पडले तरी टाकी तरेल. आठवड्याच्या सुट्टीसाठी लिटरभर भरून जाणे म्हणजे जोखीम घरी ठेवून जाणे. दुसरा धोका उलट्या प्रवाहाचा. नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असेल, फ्रिज खाली असेल आणि पंपातली नळी झिजून सैल झाली असेल, तर टाकीचे पाणी हळूहळू फ्रिजमध्ये उतरते. म्हणून तोंड पाण्याच्या वर, हवेत असावे आणि पंपातली नळी काही महिन्यांनी बदलावी. बाहेरच्या नळीचे दोन संच ठेवून दर आठवड्याला आलटून पालटून धुतले, तर तो बुळबुळीत थर टिकत नाही.

कायदा काय सांगतो?

हा भाग खरेदीआधीच वाचायला हवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. समुद्रातून ते काढणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा असून, त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. घोडमासे आणि महाशिंपल्याच्या काही प्रजातीही याच अनुसूचीत येतात. थंड द्रवखाद्याची सर्वाधिक गरज असलेले सन कोरल आणि समुद्रपंखे नेमके याच यादीत आहेत, हे लक्षात घ्यायला हवे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ‘साइट्स’ करारातील परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. त्याचे नियम २०२४ मध्ये आले आणि ही नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर होते.

हे संरक्षण कागदापुरते नाही. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली होती. दुकानदाराने ‘सगळे चालते’ असे सांगणे हा बचाव होऊ शकत नाही. जीव कोणत्या प्रजातीचा, कुठून आला आणि त्याची कागदपत्रे काय, हे लेखी घ्यावे. शंका असल्यास वन विभागाला आधी विचारावे.

मग सुरुवात कुठून करावी?

पंखकृमींसारख्या, या याद्यांत नसलेल्या, पाणी गाळून खाणाऱ्या जीवांसाठीही हीच यंत्रणा उपयोगी पडते. ती बसवल्यावर पहिला आठवडा बाटलीत खाद्याऐवजी साधे पाणी भरावे आणि नळीचे तोंड टाकीऐवजी मोजपात्रात सोडावे. रोज किती मिलिलिटर पडले, फ्रिजचे तापमान दुपारी किती गेले, वीज जाऊन आल्यावर टायमरने वेळ पाळली का, याची नोंद ठेवावी. त्यानंतर ठरवलेल्या मात्रेच्या चौथाई खाद्याने सुरुवात करून दर आठवड्याला नायट्रेट आणि फॉस्फेट तपासावे. आकडे स्थिर राहिले तरच मात्रा वाढवावी. आकडे चढू लागले, तर आधी नळी धुवावी आणि मगच पंपाला दोष द्यावा.