ईझलचे तीन पाय आणि दोन अंशांची नजर

‘मुलगी यंदा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसली आहे. वस्तुचित्रात तिचा तांब्या नेहमी लांबुडका येतो आणि गळ्याशी रुंदावतो. ईझल घेऊन दिले तर फरक पडेल का?’ असे एका वाचक आईने विचारले आहे. फरक नक्की पडेल, कारण तांब्या बिघडतो तो टेबलामुळे.

कागद टेबलावर आडवा ठेवला की आपण तो तिरका पाहतो. नजर आणि कागद यांच्यात ४५ अंशांचा कोन असेल, तर कागदावरची १० सेंमीची उभी रेघ डोळ्याला साधारण ७ सेंमीचीच भासते. त्यात कागदाची वरची कड डोळ्यापासून लांब, म्हणून ती अरुंदही दिसते. मेंदू यातली बरीच दुरुस्ती आपोआप करतो, पण सगळी नाही. उरलेली कसर मूल नकळत हाताने भरून काढते. वरचा भाग लांबवते, थोडा पसरवते. बसल्या जागेवरून चित्र अगदी बरोबर दिसते. परीक्षक तेच चित्र समोर उभे धरतात, तेव्हा तांब्याची सुरई झालेली असते. रस्त्यावर रंगवलेली अक्षरे मुद्दाम लांबोडकी काढतात ती याच नियमाने, कारण वाहनचालकाला ती तिरकीच दिसणार असतात. ईझलवर कागद नजरेशी काटकोनात उभा राहतो आणि समोरची वस्तू व कागद मान फारशी न हलवता दिसतात. ईझलला नुसता लाकडी स्टँड म्हणणे मला पटत नाही. ते प्रकाशशास्त्राचे उपकरण आहे.

पाय तीनच का, याचे उत्तर भूमितीत आहे. कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात असतातच. चौथा त्यात येईलच असे नाही. म्हणून खडबडीत फरशीवर चौरंग डुगडुगतो, तिवई डुगडुगत नाही. अट एवढीच, की वजनाची रेषा तीन पायांच्या त्रिकोणाच्या आतच पडली पाहिजे. ब्रशचा दाब मागच्या बाजूला जातो, तो पेलायला तिसरा पाय मागे. उघड्यावर निसर्गचित्रे काढणाऱ्यांची खरी लढाई वाऱ्याशी असते. ताणलेला कॅनव्हास शिडासारखा वारा धरतो. अशा वेळी तिन्ही पायांच्या मधोमध दगड भरलेली पिशवी टांगतात. गुरुत्वमध्य खाली येतो आणि ईझल जमिनीला घट्ट धरून राहते.

पण ईझलची खरी किमया पाहायची तर रेम्ब्रांटकडे जावे. १६२८च्या सुमारास, जेमतेम बाविशीच्या या पोराने लायडनमध्ये चित्रशाळेतल्या चित्रकाराचे एक चित्र केले. ते आज बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. आकार अवघा सुमारे २५ बाय ३२ सेंमी. पुढ्यात भलेमोठे ईझल, पाठ आपल्याकडे केलेले, त्यामुळे त्यावरचे चित्र आपल्याला दिसतच नाही. खालच्या आडव्या दांडीवर पाय टेकून टेकून झिजलेल्या जागासुद्धा त्याने टिपल्या आहेत. चित्रकार मात्र पार मागे, खोलीच्या आत, इवलासा उभा. हातात ब्रश आहेत, पण तो रंगवत नाही. तो पाहतो आहे.

इतक्या लांबून का? आपली सर्वांत तीक्ष्ण नजर जेमतेम दोन अंशांत सामावते. बाकी सगळे डोळा धूसर पाहतो. हातभर म्हणजे ६० सेंमी अंतरावर या दोन अंशांत कॅनव्हासचा फक्त २ सेंमीचा तुकडा येतो. तीन मीटर मागे सरकले की तीच नजर १० सेंमीचा पट्टा कवेत घेते आणि भोवतालचे सारे चित्रही दृष्टिक्षेत्रात मावते. जवळ जाऊन रंगवायचे, लांब जाऊन तपासायचे, हे साधते ते चित्र एका जागी, एका उंचीवर, एका उजेडात स्थिर राहते म्हणून. आपल्या लघुचित्रकारांना याची गरज पडली नाही. ते जमिनीवर बसून, गुडघ्यावर फळी टेकवून काम करत आणि त्यांची चित्रेही हातात धरून पाहण्याच्या मापाची असत. मोठ्या तैलचित्रांचे शिक्षण मुंबईत रुजले ते १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे.

कोनाचेही शास्त्र आहे. तैलचित्राचा वरचा भाग किंचित पुढे झुकवतात, म्हणजे खिडकीतल्या उजेडाची चकाकी डोळ्यात न येता खाली जाते. कॅनव्हास ५ अंश कलला की परावर्तित किरण १० अंश वळतो. पेस्टलचीही भुकटी मग चित्रावर न बसता खाली पडते. जलरंगाचे उलटे. तिथे कागद जवळजवळ आडवाच हवा, नाहीतर ओघळ येतात.

आता त्या आईसाठी. महागडे, नक्षीदार ईझल घेऊ नका. जाहिरातीतल्या चकचकीत पितळी स्क्रूंनी चित्र सुधारत नाही. ड्रॉइंग बोर्डाला कागद क्लिपने लावा, बोर्डाची खालची कड मांडीवर आणि वरची समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवा. कला महाविद्यालयांत विद्यार्थी ‘डाँकी’ नावाच्या बाकावर बसून नेमके हेच करतात. दर दहा मिनिटांनी मुलीला उठवा आणि चार पावले मागे जाऊन तांब्या आणि चित्र दोन्ही पाहायला सांगा. जलरंग भरताना मात्र बोर्ड पुन्हा खाली घ्या.