संगीत तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण : दिल्ली परिसरात साधने सारी, अभ्यासक्रम मात्र विखुरलेला

नवी दिल्ली : ध्वनिमुद्रण, ध्वनिमिश्रण आणि संगीतनिर्मिती हे विषय विद्यापीठात शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय राजधानी परिसरात एक चमत्कारिक अनुभव येतो. संगीताची पदवी देणारी विद्यापीठे येथे आहेत, ध्वनितंत्र शिकविणाऱ्या खासगी संस्था आहेत, काम देणारे स्टुडिओ आहेत आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचे मौलिक संग्रहही आहेत. तथापि या चारही गोष्टी एका पदवीत एकत्र आल्याचे क्वचितच दिसते. परिणामी राग जाणणाऱ्याला मायक्रोफोन कोठे ठेवावा हे ठाऊक नसते आणि संगणकावर सफाईने काम करणाऱ्याला तानपुरा नेमका लागला आहे की नाही, हे कानाने सांगता येत नाही. या दरीची किंमत विद्यार्थी आणि त्यांचे पालक मोजतात. पैशांत आणि वर्षांतही.

दिल्लीला या विषयाची परंपरा नाही, असे मुळीच नाही. आकाशवाणीचे दिल्ली केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. त्यानंतरच्या कित्येक दशकांत ध्वनितंत्रज्ञांच्या पिढ्या घडल्या त्या आकाशवाणीच्या स्टुडिओंतच. गायकाचे तोंड मायक्रोफोनपासून किती अंतरावर हवे, सारंगीला किती मोकळी जागा द्यावी, तबल्याचा बायाँ स्वरावर आरूढ होऊ नये म्हणून काय करावे, हे ज्ञान ज्येष्ठ सहकाऱ्याच्या शेजारी बसून मिळविले जाई. महाराष्ट्राच्या घरांत पोहोचणारी दिल्लीची मराठी बातमीपत्रेही याच यंत्रणेतून प्रसारित होत असत. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असताना २० जुलै १९५२ रोजी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणाला मोठी चालना मिळाली. केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर दिलेल्या वागणुकीबद्दल मतभेद आहेत व ते राहतील. मात्र देशातील श्रेष्ठ कलावंत नेमाने मायक्रोफोनपुढे बसले, हे त्या धोरणाचे फलित होय.

या सरकारी परंपरेला समांतर अशी बाजारपेठेची परंपरा यमुनेच्या पलीकडे उभी राहिली. दिल्लीच्या दर्यागंज भागातून पुढे आलेल्या गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या ‘टी-सीरिज’ कंपनीचा व्याप नोएडात वाढला. कॅसेटच्या त्या लाटेवर भजने, लोकगीते आणि प्रादेशिक भाषांतील गाणी स्वस्तात घरोघरी गेली. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील या उलथापालथीचा अभ्यास मांडला आहे. आज नोएडाच्या सेक्टर १६-अ मधील फिल्म सिटीत वृत्तवाहिन्या आणि स्टुडिओ शेजारी शेजारी नांदतात. डबिंग, जाहिराती, पॉडकास्ट आणि श्राव्य पुस्तके यांमुळे ध्वनीचे काम आता गाण्यापुरते उरलेले नाही.

विद्यापीठांची स्थिती निराळी आहे. दिल्ली विद्यापीठाची संगीत व ललित कला विद्याशाखा १९६० पासून कार्यरत असून तेथील शिक्षणाचा गाभा गायन, वादन आणि संगीतशास्त्र हा आहे. जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठात १९८२ साली स्थापन झालेल्या जनसंवाद संशोधन केंद्रात ध्वनी शिकविला जातो, पण चित्रपट आणि रेडिओ यांचे एक अंग म्हणून. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने श्राव्य कार्यक्रमनिर्मितीची पदव्युत्तर पदविका सुरू केली, तिचाही रोख नभोवाणीकडे होता. उरलेली जागा खासगी संस्थांनी भरून काढली. त्यांपैकी ‘ग्लोबल म्युझिक इन्स्टिट्यूट’ ही संस्था बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयात शिकून परतलेल्या आदित्य आणि तरुण बलानी या बंधूंनी २०११ मध्ये स्थापन केली; समकालीन संगीत आणि संगीतनिर्मिती यांचे पूर्णवेळ शिक्षण राजधानी परिसरात आणण्याचा तो लक्षणीय प्रयत्न होता.

संगीत तंत्रज्ञान हा विषय नेमका काय आहे, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. एखादे सॉफ्टवेअर चालविता येणे म्हणजे हा विषय येणे, हा त्यांतील सर्वांत महागडा गैरसमज. सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी बदलते; पदार्थविज्ञान बदलत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, म्हणजे एक मीटर अंतर कापायला त्याला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. एकाच गायकासमोर दोन मायक्रोफोन वेगवेगळ्या अंतरांवर ठेवले, तर हा क्षुल्लक वाटणारा उशीर काही कंपनांना परस्परांत विरवून टाकतो आणि आवाज पोकळ होतो. खोलीतील ध्वनी ६० डेसिबलने मंदावण्यास लागणारा काळ मोजण्याची रीत हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिली. आजही नवा स्टुडिओ उभारताना तीच पहिली पायरी ठरते, कारण काँक्रीटच्या उघड्या भिंतींमध्ये केलेले मुद्रण कोणत्याही यंत्राने पुरते सुधारत नाही. ध्वनी संगणकात उतरविताना सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतले जातात. हा आकडा श्रवणमर्यादेशी, म्हणजे सुमारे २०,००० हर्ट्झशी बांधलेला आहे. कारण जी सर्वांत उंच कंपने टिपायची, त्यांच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. ही मूलतत्त्वे ज्याला पक्की आहेत, त्याला नवे सॉफ्टवेअर आत्मसात करण्यास महिना पुरतो.

भारतीय विद्यार्थ्यापुढील खरी अडचण याच्याही पुढची आहे. स्टुडिओतील बहुतेक साधने पियानोच्या पट्टीवर बेतलेली आहेत. त्या पट्टीत सप्तकाचे १२ समान भाग असतात आणि प्रत्येक भाग १०० सेंट धरला जातो. षड्ज २४० हर्ट्झवर आहे असे मानले, तर तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झचा, म्हणजे षड्जापासून ३८६ सेंटवर येतो. पियानोच्या पट्टीतील गंधार मात्र ४०० सेंटवर, सुमारे ३०२.४ हर्ट्झचा असतो. फरक अवघा १४ सेंटचा. पण दोन्ही गंधार एकत्र वाजविले, तर सेकंदाला दोनहून अधिक विस्पंद ऐकू येतात आणि स्वर थरथरल्यासारखा वाटतो. १९९७ साली बाजारात आलेले ‘ऑटो-ट्यून’ हे स्वर सुधारण्याचे साधन डोळे मिटून वापरले, तर ते नेमका बरोबर लागलेला गंधार ‘दुरुस्त’ करून बिघडविते आणि मींडेच्या पायऱ्या करून ठेवते. वाद्ये आणि संगणक यांना जोडणारी ‘मिडी’ ही १९८३ ची प्रमाणपद्धतीही मुळात सुट्या स्वरांच्या क्रमांकांवर चालते. तिच्यात मींड वा आंदोलन बसवता येते, पण त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते. अशी मेहनत घ्यावी हे कळण्याकरिता आधी राग कानांत असावा लागतो.

हा वाद नवा नाही आणि त्याच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे श्रुतींचे मोजमाप केले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रिटिश अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साह्याने श्रुती हार्मोनियमही तयार झाली. १९१६ च्या बडोदा परिषदेत या विचारांवर कडाक्याची चर्चा झाली, पं. विष्णु नारायण भातखंडे यांना हे मोजमाप पटले नव्हते. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर घातलेली बंदी तीन दशके टिकली, तिच्यामागेही सुरांच्या पट्टीचा हाच प्रश्न होता. आज संगीत तंत्रज्ञानाचा जो विद्यार्थी पियानोची पट्टी बदलून रागानुरूप स्वरस्थाने बसवितो, तो जाणता-अजाणता देवलांचेच काम पुढे नेत असतो. त्याच्या पाठ्यक्रमात देवलांचे नाव मात्र सहसा नसते.

तालवाद्यांच्या बाबतीतही असेच आहे. तबला व मृदंगाच्या शाईमुळे त्यांच्या नादात सुसंवादी उपस्वर कसे निर्माण होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकातून मांडले. पाश्चात्त्य ड्रमसाठी ठरविलेली मिश्रणाची कोष्टके तबल्याला जशीच्या तशी लावली की बायाँची घुमार हरवते, त्याचे स्पष्टीकरण या संशोधनातून मिळते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. प्रीती राव यांच्या चमूने हिंदुस्थानी संगीताच्या संगणकीय विश्लेषणावर केलेले काम आणि बार्सिलोनाच्या पोंपेऊ फाब्रा विद्यापीठातील झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखालील ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्प ही याच मार्गावरील अलीकडची पावले होत.

परदेशात संगीत आणि विज्ञान यांची सांगड पदवीतच घालण्याची प्रथा जुनी आहे. जर्मनीतील डेटमोल्ड येथे १९४९ साली ‘टोनमाइस्टर’ शिक्षण सुरू झाले. इंग्लंडच्या सरे विद्यापीठाने १९७० मध्ये त्याच नावाचा अभ्यासक्रम आखला. तेथे प्रवेश घेणाऱ्याला संगीतलिपीही वाचता यावी लागते आणि गणित किंवा पदार्थविज्ञानही यावे लागते. शिवाय एक वर्ष प्रत्यक्ष स्टुडिओत काम करण्यासाठी राखलेले असते. भारतातही दूरदृष्टीचा अभाव नव्हता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साह्याने मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. काही वर्षांतच तो थंडावला. तो प्रयोग टिकून एखाद्या विद्यापीठात रुजला असता, तर आजचे चित्र वेगळे दिसले असते.

प्रवेशाच्या वेळी सर्वाधिक गोंधळ होतो तो कागदाच्या नावावरून. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. खासगी संस्था पदविका वा प्रमाणपत्र देऊ शकते. मात्र ‘पदवी’ म्हणून काही देत असल्यास ती कोणत्या विद्यापीठाची, हे तिने दाखविले पाहिजे. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेल्या २० बनावट विद्यापीठांच्या यादीत ८ एकट्या दिल्लीतील होती, ही बाब राजधानीत येणाऱ्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अर्थात पदविका म्हणजे कमअस्सल, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पुण्याच्या भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेने दशकानुदशके पदविकाच दिली. २००९ साली ध्वनिमिश्रणाचे ऑस्कर पटकाविणारे रसूल पूकुट्टी हे तेथूनच शिकून बाहेर पडले. या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो २०२५ मध्ये. स्टुडिओत काम मागायला गेलेल्या उमेदवाराला प्रमाणपत्रापेक्षा केलेले काम ऐकवावे लागते. पदवीची गरज भासते ती पुढे पदव्युत्तर शिक्षण, अध्यापन, सरकारी नोकरी किंवा परदेशातील प्रवेश यांच्या वेळी. हा भेद ध्यानात घेऊन निर्णय केला, तर पश्चात्तापाची वेळ सहसा येत नाही.

शुल्क भरण्यापूर्वी स्टुडिओ स्वतः जाऊन पाहणे, तो विद्यार्थ्याला आठवड्यातून किती तास मोकळा मिळतो हे विचारणे आणि तेथे जिवंत वाद्यांचे मुद्रण होते की केवळ संगणकातील तयार ध्वनींवर काम चालते हे जाणून घेणे, एवढी चौकशी माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांहून अधिक सांगून जाते. कायद्याचा भाग शिकवितात काय, हेही विचारावे. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता तो, जो त्या कामाचा पुढाकार आणि जबाबदारी घेतो; रात्रभर बसून मिश्रण करणारा तंत्रज्ञ आपोआप हक्कदार होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचे मानधनाचे हक्क बळकट झाले, पण ध्वनितंत्रज्ञाचे संरक्षण अजूनही प्रामुख्याने त्याच्या करारपत्रावर अवलंबून आहे.

गुरुग्राममधील एका संस्थेकडे विद्यार्थ्यांचे फारसे लक्ष जात नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीतशास्त्रविषयक संग्रहालय व संशोधन केंद्र नझीर जैराझभॉय यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये स्थापन झाले. आरंभी ते पुण्यात होते. डच अभ्यासक आर्नल्ड बाके यांनी १९३० च्या दशकात केलेल्या क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांच्या प्रती तेथे आहेत. जुन्या फिती जतन करणे, त्यांचे अंकीकरण करणे आणि त्यांची शास्त्रशुद्ध नोंद ठेवणे हे संगीत तंत्रज्ञानाचेच क्षेत्र असून दिल्लीतील संगीत नाटक अकादमीच्या संग्रहालाही अशा हातांची गरज असते.

सध्याच्या व्यवस्थेत दोन्ही बाजू शिकण्याचा एक मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मोकळा केला आहे. त्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विद्यार्थ्याला दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतात. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात शिकायचे असल्यास त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. अन्यथा एक अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने घेता येतो. ही मुभा देण्यासाठी प्रत्येक विद्यापीठाने आपल्या अधिकार मंडळांमार्फत व्यवस्था करणे अपेक्षित असल्याने संबंधित विद्यापीठाचा नियम प्रवेशापूर्वी लेखी मिळवावा लागतो. शिवाय दिल्ली विद्यापीठाचा उत्तर परिसर आणि नोएडातील स्टुडिओ यांच्यामध्ये दररोजचा मेट्रोचा लांबलचक प्रवास आहे, त्याचाही हिशेब वेळापत्रकात धरावा लागतो.