खेळयंत्राच्या पिढ्या

मनुष्याच्या घराण्यात जशा पिढ्या असतात, तशा त्या यंत्रांच्या घराण्यातही असतात. दूरदर्शन संचाला जोडून खेळावयाचे जे व्हिडिओ गेमचे यंत्र, ज्यास कन्सोल असे म्हणतात, त्याच्या बाबतीत तर हा शब्द अगदी रूढ झाला आहे. साधारणतः पाच-सहा वर्षे लोटली, म्हणजे निर्माते अधिक शक्तिमान असे नवे यंत्र बाजारात आणतात. आणि पुष्कळदा जुन्या यंत्रावरचे खेळ नव्यावर चालत नाहीत. मग गिऱ्हाईक विचारात पडते. पैसे पुन्हा मोजावयाचेच, तर ते याच कारखानदाराला का द्यावेत? दुसऱ्याला का देऊ नयेत? त्यामुळे प्रत्येक पिढीच्या आरंभी काल जिंकलेला आणि काल हरलेला असे दोघेही जवळजवळ एकाच रेषेवर येऊन उभे राहतात.

जपानमधील क्योटो शहरच्या निंटेंडो या कंपनीची हकीकत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली ती स्थापिली, ती फुलांची चित्रे असलेले खेळावयाचे पत्ते करण्यासाठी! पुढे १९८३ साली याच कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र काढले. त्याच वर्षी अमेरिकेत या धंद्याची दाणादाण उडाली होती. सुमार खेळांचा इतका सुळसुळाट झाला, की लोक विटले, आणि अटारी कंपनीने न खपलेल्या मालाचे ढीग न्यू मेक्सिकोतील ॲलामोगॉर्डो गावाच्या उकिरड्यात पुरून टाकले. (२०१४ साली ते उकरून काढण्यात आले, तेव्हा ही नुसती दंतकथा नव्हे, हे सर्वांना पटले.) अशा पडत्या काळात, १९८५ साली, निंटेंडोने अमेरिकेत पाऊल टाकले. जगभर मिळून तिची ही यंत्रे ६ कोटी १९ लाख खपली.

आता पुढील आकडे लक्षपूर्वक पाहा. १९९० सालच्या दुसऱ्या यंत्राचा खप ४ कोटी ९१ लाख झाला. १९९६ सालच्या तिसऱ्याचा ३ कोटी २९ लाख. आणि २००१ साली आलेले चौथे यंत्र तर अवघे २ कोटी १७ लाख खपले. प्रत्येक यंत्र आधीच्यापेक्षा अधिक शक्तिमान होते, आणि तरीही प्रत्येकाचा खप आधीच्यापेक्षा कमी!

असे का व्हावे? १९९४ साली सोनी कंपनीने ‘प्लेस्टेशन’ हे यंत्र आणले. त्याचे खेळ तबकडीवर येत. तबकडी स्वस्त, आणि तिच्यात सामावणारा मजकूर पुष्कळ. निंटेंडोने मात्र तिसऱ्या यंत्रासाठीही जुनी कार्ट्रिजच ठेवली. तिच्यातून खेळ झटपट सुरू होई आणि तिची नक्कल करणे अवघड असे, हे खरे. पण ती महाग पडे आणि तिच्यात जागा थोडी. ‘फायनल फँटसी’ या खेळमालेचे कर्ते इतकी वर्षे निंटेंडोसाठी खेळ रचीत. १९९७ साली त्यांनी सातवा खेळ प्लेस्टेशनवर आणला, आणि त्याला तीन तबकड्या लागल्या! जेथे खेळ अधिक तेथे गिऱ्हाईक जाते, आणि जेथे गिऱ्हाईक अधिक तेथे खेळ रचणारे जातात. हे चक्र एकदा उलटे फिरू लागले, म्हणजे त्याला आवरणे कठीण. प्लेस्टेशनचा खप १० कोटींच्या वर गेला, आणि २००० साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीने १५ कोटींचाही टप्पा ओलांडला.

मग निंटेंडोने शक्तीची शर्यतच सोडून दिली. २००६ साली तिने ‘वी’ हे यंत्र आणले. प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने ते दुबळे होते, परंतु त्याची किंमत अमेरिकेत २५० डॉलर, तर त्याच महिन्यात तेथे आलेल्या सोनीच्या नव्या यंत्राची किमान ५०० डॉलर. शिवाय ‘वी’ची दांडी हातात धरून हात हलविला, की पडद्यावरची टेनिसची फळी हले. ज्यांनी कधी बटणे दाबली नव्हती, असे आजी-आजोबाही खेळू लागले. १० कोटी १६ लाख यंत्रे खपली.

यशाची ही पुण्याई पुढच्या पिढीला मात्र पुरली नाही. २०१२ सालच्या यंत्राला कंपनीने ‘वी यू’ असे नाव दिले. ते ऐकून कित्येकांना वाटले, की हे नवे यंत्र नसून जुन्याचाच एखादा जोडभाग आहे. माझ्या मते, नावाच्या निवडीतील एवढी महागडी चूक क्वचितच घडली असेल. खप झाला केवळ १ कोटी ३५ लाख. तेव्हा सातोरू इवाता हे अध्यक्ष होते. नोकरी जाईल अशा धास्तीने काम करणारी माणसे चांगले खेळ घडवू शकणार नाहीत, असे त्यांचे मत होते. त्यांनी माणसे कमी करण्यास नकार दिला, आणि २०१४ साली काही महिन्यांपुरते स्वतःचे वेतन निम्मे केले.

२०१५ साली इवातांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीत आखलेले ‘स्विच’ हे यंत्र २०१७ साली बाहेर पडले. घरी ते दूरदर्शन संचाला जोडावे, प्रवासात हाती घेऊन खेळावे. त्याचा खप १५ कोटींच्या पलीकडे गेला. पुढची पिढी २०२५ साली आली, आणि पहिल्या चार दिवसांतच तिची ३५ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. या वेळी नाव सरळ ठेवले होते: ‘स्विच २’.