बिअरची भट्टी आणि वस्तीचे मत

बिअर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्यात भरलेली बाटली येते. ती कोणी केली, कोठे केली, हे पिणाऱ्यास ठाऊक नसते आणि विकणाऱ्यासही बहुधा नसते. गेल्या पन्नास वर्षांत याच्या उलट एक रीत जगात पसरली आहे. लहानशा पेयगृहातच पोलादी पिंपे बसवावयाची, बिअर तेथेच आंबवावयाची आणि वस्तीतील लोकांनी ती तेथेच बसून प्यावयाची. इंग्लंडात १९७१ साली ग्राहकांनीच कारखानी बिअरविरुद्ध चळवळ उभारली. पुण्यात २००९ साली अशी एक भट्टी निघाली. तिचे नाव 'डूलाली'. हे नाव आपल्या नाशकाजवळच्या देवळालीचे. तेथील छावणीत स्वदेशी परतण्यासाठी खोळंबलेल्या गोऱ्या सोजिरांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत वेडास 'डूलाली टॅप', म्हणजे देवळालीचा ताप, म्हणू लागले!

उद्या यवतमाळात आपल्या गल्लीत अशी भट्टी निघावयाची झाली, तर आपण काय म्हणावे? याचा विचार करण्यापूर्वी तेथे काय घडते ते पाहू.

सातू भिजवून त्यांस मोड आणतात व ते वाळवतात. मोडामुळे दाण्यात अशी द्रव्ये तयार होतात की, भरड गरम पाण्यात ठेवताच पिठूळ अंशाची साखर होते. ते गोड पाणी हॉप नावाच्या वेलीच्या कडवट फुलांसह उकळतात. निवल्यावर त्यात किण्व घालतात. किण्व साखर खाऊन मद्यार्क व वायू निर्माण करते. आमच्या गृहिणी नाचणीला मोड आणतात आणि इडलीचे पीठ आंबवतात. तत्त्व त्याहून फार निराळे नाही. सातूच हवेत असेही नाही. १९८८ साली नायजेरियाने सातूच्या मोडांची आयात बंद केली, तेव्हा तेथील कारखाने ज्वारीकडे वळले. ज्वारी हे तर आपल्या वऱ्हाडचे जुने अन्न.

या रीतीत एक गुण खरा आहे. करणारा व पिणारा समोरासमोर असतात. आपल्या जिल्ह्यातील गोंडांच्या देवकार्यात मोहाच्या दारूला स्थान आहे. तेथेही ती कोणत्या हातची आणि कोणत्या प्रसंगाची, हे सर्वांस माहीत असते. ओळखीच्या माणसास भेसळ करणे जड जाते.

परंतु ओळखीने मद्याचा अंमल कमी होत नाही. बिअर सौम्य, असे सर्रास म्हणतात. हिशेब करून पाहू. शेकडा ५ मद्यार्काची अर्धा लिटर बिअर घेतली, तर पोटात २५ मिलिलिटर मद्यार्क गेला. शेकडा ४२.८ मद्यार्काच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग घेतला, तर सुमारे २६ मिलिलिटर गेला. म्हणजे माप जवळजवळ तेच. 'हातची' या शब्दाने हा हिशेब बदलत नाही.

आणि हा हिशेब चुकता करणारी पुष्कळदा पिणाऱ्याची बायको असते. म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले. नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. बंदीने सर्व प्रश्न सुटतात असे आम्ही म्हणत नाही. पण वस्तीस विचारावयाची एक सोय राज्यात आहे, तिचे स्मरण द्यावेसे वाटते. दारूच्या दुकानाविरुद्ध शेकडा २५ स्त्री-मतदारांनी अर्ज केला, तर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली, तर दुकान बंद होते. अट कडक आहे. मत द्यावयास न आलेली स्त्रीही प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्याच बाजूस मोजली जाते.

वस्तीचे पेयगृह म्हणवून घ्यावयाचे, तर वस्ती म्हणजे केवळ मेजाभोवती बसलेली मंडळी नव्हेत. घरी वाट पाहणारीही वस्तीच. पेयगृह निघाल्यावर ते बंद करण्यासाठी तिला अर्ज करावा लागण्यापेक्षा, ते निघण्यापूर्वीच तिला विचारणे अधिक न्यायाचे, असे आम्हांस वाटते.