जुन्या खेळाला जुनाच पडदा

बंगळुरूचा सर्जापूर रोड हा नव्याचा भोक्ता रस्ता. इब्लूरच्या चौकातून सर्जापूर गावाकडे निघाले की दोन्ही बाजूंना उंच गृहसंकुले, संगणक कंपन्यांची कार्यालये आणि त्यांतून वाट काढणारी वाहनांची रांग. याच रस्त्यावर दोड्डकन्नेळ्ळी येथे विप्रोचे मुख्यालय आहे. त्याच विप्रोचा जन्म १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला, वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने झाला, हे तिथल्या मराठी कुटुंबांना आवर्जून सांगावेसे वाटते. पुणे, सोलापूर, नागपूर, जळगाव सोडून या भागात स्थिरावलेली मराठी घरे आता थोडी राहिलेली नाहीत.

अशा एखाद्या घरातले दृश्य डोळ्यांसमोर आणावे. गृहस्थ पंचेचाळिशीचे. सुट्टीत गावी गेल्यावर माळ्यावरच्या खोक्यात त्यांना लहानपणीचा ‘टीव्ही गेम’ सापडतो. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची ही यंत्रे १९९० च्या दशकात गल्लोगल्ली होती. त्यांतली बहुतेक जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या १९८३ मधल्या ‘फॅमिकॉम’वर बेतलेली. बंगळुरूला परतल्यावर ते यंत्र मोठ्या हौसेने भिंतीवरच्या पंचावन्न इंची पडद्याला जोडले जाते. चित्र येते, पण फिकट, पसरलेले, कडा खाल्लेले. आणि मुलगा दोन मिनिटांत तक्रार करतो, “बाबा, मी बटण दाबतो त्यानंतर हा उडी मारतो!”

मुलाचे म्हणणे खरे असते. दोष यंत्राचाही नसतो, मुलाच्या बोटांचाही नसतो. दोष पडद्याचा असतो.

चित्र रंगवणारा झोत

जुन्या संचातल्या काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि पडद्याच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओळी ओढत जातो. यंत्राकडून संकेत आला की त्या क्षणीच तो पडद्यावर उमटतो. मध्ये कोणी विचार करत बसत नाही. आजच्या सपाट टीव्हीत मात्र आलेले चित्र आधी साठवले जाते, ताणून मोठे केले जाते, चकचकीत केले जाते आणि मग दाखवले जाते. या खटाटोपात कधी कधी सेकंदाचा दहावा भागसुद्धा निघून जातो. बातम्या पाहताना ते कळत नाही. दरीवरून उडी मारताना कळते.

दुसरी अडचण अशी की ही जुनी यंत्रे सुमारे २४० ओळींचे चित्र देतात, तेही दर वेळी त्याच ओळींवर. अनेक सपाट संच हे चित्र सम-विषम ओळींचे नेहमीचे दूरचित्रवाणीचे चित्र समजून बसतात आणि नको तिथे जोडकाम करतात. बदके मारायचे पिस्तूल तर सपाट पडद्यावर चालतच नाही. घोडा ओढल्याबरोबर पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि पिस्तुलातला प्रकाशसंवेदक तो टिपतो. ही सारी वेळ नळीच्या हिशोबाने बांधलेली आहे. पडदा उशीर करू लागला की नेम कितीही धरा, बदक उडूनच जाणार.

हे समजले की जाणकार मित्र सल्ला देतो, “प्रोफेशनल मॉनिटर घे.” खरा घोळ इथूनच सुरू होतो.

स्टुडिओतून आणि शस्त्रक्रियागृहातून

प्रोफेशनल मॉनिटर हा घरगुती टीव्ही नव्हे. दूरचित्रवाणी केंद्रात, संकलन कक्षात, बाहेरच्या चित्रीकरणाच्या गाडीत चित्र तपासण्यासाठी तो बनवला गेला. सोनीच्या अशा संचांच्या नावांत ‘पीव्हीएम’ किंवा ‘बीव्हीएम’ ही अक्षरे असतात. पहिला सर्वसाधारण व्यावसायिक वापरासाठी, दुसरा थेट प्रक्षेपणाच्या दर्जाचा आणि म्हणून अधिक महाग. जेव्हीसी, पॅनासॉनिक, इकेगामी यांनीही उत्तम मॉनिटर बनवले. रुग्णालयांत दुर्बिणीने तपासणी करतानाही असेच संच वापरात होते. सोनीच्या काही संचांच्या नावांत येणारी ‘एमडी’ ही अक्षरे त्या वैद्यकीय वापराची खूण. ज्या पडद्यावर एकेकाळी कुणाच्या पोटातला खडा शोधला गेला, त्यावर आज मारिओ नाणी गोळा करतो, हा काळाचा विनोदच.

केंद्रे आणि रुग्णालये सपाट पडद्यांकडे वळली तसे हे संच मोडीत निघाले. बंगळुरूत जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड, प्रसिद्ध आहे. पण तिथे गेले आणि मिळाला, असे होईलच असे नाही. परदेशातून मागवावा म्हटले तर वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर सरकारची बंधने आहेत. शिवाय वीस इंची संच तीस किलोच्या आसपास भरतो. त्यामुळे जो समोर येतो त्याचा भाव विक्रेत्याच्या मर्जीवर, आणि घेणाऱ्याला घाई. घाईत माणूस नाव पाहून पैसे मोजतो आणि नळी पाहायची विसरतो.

आधी यंत्र पाहावे, मग मॉनिटर

कोणता मॉनिटर घ्यावा, यापेक्षा आधीचा प्रश्न असा की घरातले खेळयंत्र कोणता संकेत देते? बरेच जण हाच प्रश्न विचारत नाहीत.

भारतातल्या त्या जुन्या नकली यंत्रांतून एकतर अँटेनाची तार निघते, नाहीतर पिवळ्या रंगाची एकच चित्रवाहिनी. प्रोफेशनल मॉनिटरला ट्यूनर नसतो, म्हणजे अँटेनाची तार जोडायला जागाच नसते. मध्ये जुना व्हीसीआर ठेवून त्याच्या ट्यूनरमधून चित्र काढता येते, पण तो व्हीसीआर चालू स्थितीत हवा. पिवळी तार सरळ जोडता येते. मात्र त्या तारेत सगळे रंग एकत्र कोंबलेले असतात, त्यामुळे हजारो रुपयांच्या मॉनिटरवर तिचे दोष अधिकच स्वच्छ दिसतात. अशा यंत्रासाठी मॉनिटरमागे धावणे म्हणजे साध्या वरणासाठी चांदीची वाटी.

सेगाच्या ‘मेगा ड्राइव्ह’ची गोष्ट वेगळी. १९९० च्या दशकाच्या मध्यास शॉ वॉलेस कंपनीने सेगाची यंत्रे भारतात विकली होती. हे यंत्र, तसेच ‘सुपर निन्टेंडो’ आणि सोनीचे ‘प्लेस्टेशन’, लाल-हिरवा-निळा असे तिन्ही रंग वेगवेगळे देऊ शकतात. आपल्याकडच्या घरगुती टीव्हीला हा संकेत घेण्याची सोय क्वचितच असे. मॉनिटरला ती असते. तिथे फरक डोळ्यांत भरतो. पडद्यावरची अक्षरे कोरल्यासारखी दिसतात आणि लाल रंग शेजारच्या रंगात उतरत नाही.

तरीही गंमत पाहावी. सेगाच्या ‘सॉनिक’ (१९९१) खेळात पहिल्याच टप्प्यावर एक धबधबा आहे. चित्रकारांनी तो उभ्या बारीक पट्ट्यांनी काढला. साध्या टीव्हीवर पिवळ्या तारेतून त्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक वाटते. उत्तम मॉनिटरवर पाणी जाऊन उभ्या रेघा उरतात! म्हणजे त्या खेळाच्या कर्त्यांनी घरातला साधा टीव्हीच गृहीत धरला होता. जे जास्त स्वच्छ ते जास्त खरे, हे इथे लागू पडत नाही.

विक्रेते ‘रेषा’ सांगतात: हा सहाशे रेषांचा, तो आठशेचा. पडद्यावर आडव्या दिशेने किती बारकावा दिसतो, त्याचे हे माप. आता फॅमिकॉमचे चित्र आडवे २५६ ठिपक्यांचे आणि मेगा ड्राइव्हचे बहुधा ३२० ठिपक्यांचे. त्यांना सहाशे रेषा भरपूर झाल्या. आठशे-नऊशेच्या पडद्यावर ओळींमधल्या काळ्या फटी ठसठशीत दिसतात. काहींना त्या आवडतात, काहींच्या डोळ्यांना टोचतात. केवळ आकडा मोठा म्हणून दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र मॉनिटरच्या बाजूने निश्चित आहे. आपली दूरचित्रवाणी सेकंदाला पन्नास चित्रांच्या ‘पाल’ पद्धतीची, तर जपान-अमेरिकेची साठच्या पद्धतीची. साठसाठी रचलेला खेळ तसाच पन्नासवर चालवला तर सुमारे सतरा टक्के मंदावतो, संगीतासकट. प्रोफेशनल मॉनिटर दोन्ही पद्धती विनातक्रार घेतात. पण नंतरच्या काळातले बरेचसे घरगुती संचही ते करत, हेही विसरू नये.

नळी तपासताना

मॉनिटर घ्यायचाच ठरला तर तो थंड असताना सुरू करून पाहावा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवला असेल तर बंद करायला लावून थोडे थांबावे. चित्र उजळायला फार वेळ लागला, किंवा पांढऱ्या भागाच्या कडा तुपासारख्या पसरल्या, तर नळी थकली आहे. मग अर्धा तास चालू ठेवून पुन्हा पाहावे. काही बिघाड तापल्यावरच डोके वर काढतात.

पूर्ण पांढरा पडदा आणून रंगाचे डाग शोधावेत. डाग दिसले तर ‘डीगॉस’चे बटण दाबावे. जवळ ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकाने पडलेला डाग बहुधा जातो, आतली जाळी वाकल्यामुळे पडलेला जात नाही. त्यानंतर काळ्या पडद्यावर जळक्या खुणा पाहाव्यात. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेले घड्याळ किंवा रुग्णाच्या माहितीची चौकट नळीवर कायमची कोरली गेलेली असते. चौकटींची जाळी दाखवून कोपरे सरळ आहेत का आणि रेघांना लाल-निळी किनार तर नाही ना, हेही बघावे. सोनीच्या ट्रिनिट्रॉन नळीवर एक-दोन बारीक आडव्या सावल्या दिसतात. त्या आतल्या आधार-तारांच्या असतात. तो बिघाड नव्हे. त्यावरून घासाघीस करू नये, हसे होते.

मागच्या बाजूचे गोल, पिळून बसवायचे सांधे घरच्या तारांना जुळत नाहीत. त्यासाठी छोटे जोड मिळतात. चित्र अवाजवी भडक दिसले तर मागे ७५ ओहमचे बटण आहे का ते पाहावे, कित्येकदा तेवढ्यानेच भागते. विजेचा दाब किती लागतो, हे पट्टीवर वाचल्याशिवाय प्लग लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नळीचे काम केलेला एखादा जुना टीव्ही मेकॅनिक ओळखीचा आहे का? तो नसेल तर उत्तमातला उत्तम मॉनिटरही पहिल्या बिघाडापुरताच आपला.

घरात लहान मूल असेल तर

नळीच्या संचाचा सगळा भार पुढच्या जाड काचेत असतो. कडेला टेकवलेला, उंच स्टुलावर ठेवलेला संच मुलाने ओढला तर तो तोंडावरच येतो. बुटके, रुंद, न डगमगणारे मेज आणि मागे भिंत, ही पहिली अट. “अहो, हा डबा ठेवणार कुठे?” हा घरच्या बाईचा प्रश्न म्हणूनच कटकट नसून अक्कलहुशारीचा असतो.

दुसरी अट, मागचे झाकण हौसेने उघडू नये. रंगीत नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत टिकून राहू शकतो. यंत्रे उघडायची सवय असलेल्या अभियंत्यांच्या वसाहतीत हे मुद्दाम सांगावे लागते! तळमजल्यावर राहणाऱ्यांनी संच जमिनीलगतही ठेवू नये. सप्टेंबर २०२२ च्या पावसात सर्जापूर रोडवरच्या वसाहतींतून माणसांना ट्रॅक्टरवरून बाहेर काढावे लागले, हे कोणी विसरलेले नाही.

परत न बनणारी काच

या साऱ्या काळजीला कारण आहे. नवी नळी आता मिळणार नाही. सोनीने ट्रिनिट्रॉन नळीचे उत्पादन २००८ मध्ये थांबवले. भारताचा, किंबहुना महाराष्ट्राचा, या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा व्यवसाय विकत घेतला. जग सपाट पडद्याकडे वळत असतानाच इटली, पोलंड, चीन, मेक्सिकोतले नळ्यांचे कारखाने मराठवाड्यातल्या कंपनीच्या हाती आले. गुजरातेत भरूचजवळ नळीची काच ओतणारा व्हिडिओकॉनचा कारखाना तर जगातल्या अशा शेवटच्या कारखान्यांपैकी एक ठरला. पुढे ते सारे बंद पडले आणि २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

फुटलेल्या नळीचे काय होते, हेही जाणून घ्यावे. तिच्या काचेत शिसे मिसळलेले असते. भंगारात तांब्याच्या वेटोळ्यासाठी नळी फोडली जाते तेव्हा ती धूळ फोडणाऱ्याच्याच श्वासात जाते. बंगळुरूजवळ दोबसपेटला २००५ पासून ई-परिसरा ही ई-कचऱ्यावर शास्त्रशुद्ध प्रक्रिया करणारी संस्था उभी राहिली आणि २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. तरी दारावर येणारा भंगारवालाच अजून बहुतेकांना जवळचा वाटतो.

जपानमधल्या एका संचाची हकिकत २०२४ च्या अखेरीस गाजली. १९८९ च्या सुमाराचा सोनीचा त्रेचाळीस इंची, सुमारे दोनशे किलोचा नळीचा संच ओसाकाच्या एका शेवयांच्या उपाहारगृहात वरच्या मजल्यावर पडून होता. ती इमारत पाडायची होती. एका अमेरिकन हौशी माणसाने तो शोधून, माणसे लावून जिन्यावरून उतरवला आणि समुद्रापार नेला.

सर्जापूर रोडच्या कुटुंबाला एवढे लांब जायला नको. गावच्या घरी, आईच्या खोलीत, भरतकामाच्या रुमालाखाली एखादा ओनिडा, बीपीएल किंवा व्हिडिओकॉन अजून उभा असेल. समोर पिवळ्या-पांढऱ्या तारांची भोके असतील, तर लहानपणीच्या त्या टीव्ही गेमला तोच संच सर्वांत योग्य. सेगा किंवा प्लेस्टेशन असेल, खेळाचा नाद पक्का असेल आणि मेकॅनिक ओळखीचा असेल, तर मग मॉनिटरचा विचार करावा. तोवर निदान एक फोन आजच करायला हवा, कारण दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आई विचारणारच, “अरे, तो टीव्ही उगाच जागा अडवतोय. भंगारवाल्याला देऊन टाकू का?”