सोसायटीतले घर

सोसायटी म्हटले की आपल्या गावात दोन जागा डोळ्यांपुढे येतात. एक, पीककर्ज देणारी विकास सोसायटी. दुसरी, सकाळ-संध्याकाळ दूध घालायची डेअरीची सोसायटी. पण मुंबईला किंवा पुण्याला गेलेला मुलगा फोनवर म्हणतो, "आमच्या सोसायटीत आज पाणी आलं नाही," तेव्हा तो कर्जाबद्दल बोलत नसतो, की दुधाबद्दलही बोलत नसतो. तो आपल्या राहत्या इमारतीबद्दल बोलत असतो.

या तिसऱ्या सोसायटीचे पूर्ण नाव सहकारी गृहनिर्माण संस्था. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण सोसायटीच म्हणू.

गावातल्या कितीतरी घरांतली माणसे आज अशा सोसायट्यांत राहतात. कुणी निवृत्तीच्या वेळी मिळालेला फंड घालून तिथे घर घेतले, कुणी शेत विकून घेतले. आता तर तालुक्याच्या गावीही चार मजली इमारती उठल्या आहेत. घर घेताना आपण खोल्या मोजतो, नळ सोडून पाहतो, खिडकीतून वारा येतो का ते बघतो. सोसायटीचे कागद मात्र कुणी वाचत नाही. त्यातून काय होते, ते आम्ही एका गृहस्थांच्या बाबतीत जवळून पाहिले. त्यांची हकीगत पुढे येईलच. आधी सोसायटी म्हणजे काय, ते समजून घेऊ.

गावातले आपले घर घ्या. जमीन आपली, भिंती आपल्या, वरची कौलेही आपली. कौल फुटले तर आपणच वर चढतो आणि बदलतो. नाही बदलले तर पाणी आपल्याच डोक्यावर गळते. शहरातल्या चार मजली इमारतीत सोळा बिऱ्हाडे असतात. तिथे चार भिंतींच्या आतली जागा आपली. पण जिना कुणाचा? गच्ची कुणाची? पाणी वर चढवणारा पंप कुणाचा? खालची जमीन कुणाची? तर ती सोळा जणांची मिळून. आणि सोळा जणांचे काम म्हणजे कुणाचेच काम नाही, हे आपल्याला गावच्या सार्वजनिक विहिरीवरून ठाऊक आहे.

म्हणून सगळे मिळून संस्था नोंदवतात. महाराष्ट्रात त्यासाठी १९६० सालचा सहकारी संस्थांचा कायदा आहे. प्रत्येक घरमालक शेअर घेऊन सभासद होतो आणि त्याला शेअरचा दाखला मिळतो. हा कागद जपून ठेवायचा. सभासद आपल्यातूनच पंच निवडतात. त्या पंचांना कमिटी म्हणतात. कुणाचे घर एका खोलीचे असो की चार खोल्यांचे, मत एकच.

ही कल्पना नवी नाही. मुंबईत गावदेवी भागात १९१५ साली सारस्वत मंडळींनी अशी संस्था काढली. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे त्यामागचे मुख्य गृहस्थ. देशातल्या अगदी पहिल्या गृहसंस्थांत तिची गणना होते. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत कामाला गेलेली आपली माणसे मात्र त्या काळी भाड्याच्या चाळीत राहत. एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण. चाळीचा मालक निराळा. छप्पर गळले की मालकाच्या दारी जायचे. पुढे कायद्याने भाडी गोठली, तेव्हा मालक म्हणू लागले, "एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कुठून करू?" आणि चाळी खचत गेल्या.

सोसायटीत हा प्रकार नाही. मालकही आपण आणि राहणारेही आपण. हा तिचा मोठा गुण. तिथल्या साऱ्या कटकटींचे मूळही तेच.

आम्ही एकदा लेकीकडे उतरलो होतो. पहाटे नळाला पाणी नाही. पंप जळाला होता. सेक्रेटरीने फोन केला, माणूस आला, पंप खोलून घेऊन गेला आणि दुसरा बसवला. दुपारी पाणी आले. त्या दिवशी कुणाकडे पैसे मागायला जावे लागले नाही. पैसे फंडात होते.

या फंडाचे गणित समजून घ्या. सोसायटीच्या नियमांना उपविधी म्हणतात. सरकारने नमुन्याचे उपविधी करून दिले आहेत. त्यांप्रमाणे घराच्या बांधकामाला जो खर्च आला असेल, त्यावर वर्षाला निदान पाऊण टक्का दुरुस्ती फंडात आणि पाव टक्का सिंकिंग फंडात घालायचा. बांधकामाचा खर्च दहा लाख धरला, तर एकात ७,५०० रुपये आणि दुसऱ्यात २,५०० रुपये. म्हणजे महिन्याला ८३३ रुपये झाले. आज ही रक्कम जड वाटते. पण पंचवीस-तीस वर्षांनी खांबातली सळई गंजते, सिमेंट फुगून पडू लागते. तेव्हा खर्च लाखांत येतो. काही कमिट्या लोकांनी बरे म्हणावे म्हणून हा फंड घेतच नाहीत. मग एक दिवस प्रत्येकाच्या दारात लाख-लाख रुपयांची मागणी येते, आणि पेन्शनीवर जगणारा म्हातारा कपाळाला हात लावतो. आम्हाला विचाराल तर थोडे पैसे घेणारी कमिटी भली, हा समज खोटा आहे.

बाकी महिन्याच्या बिलात काय काय असते? वॉचमन, झाडूवाला, जिन्यातला दिवा यांचा खर्च सगळ्यांना सारखा. घर लहान म्हणून कमी नाही. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर आणि आकारावर. लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, मग कुणी लिफ्टमध्ये पाऊल ठेवो न ठेवो. तळमजल्याच्या माणसालाही तो चुकत नाही. यावरून तळमजल्यावाल्यांचे आणि कमिटीचे वाजलेले नाही, अशी इमारत आमच्या पाहण्यात नाही.

पैशाचे झाले. दुसरा जाच बंधनांचा. गावी आपण अंगणात पापड वाळत घालतो, दारात मांडव घालतो, शेळी बांधतो. कुणाला विचारत नाही. सोसायटीत जिन्यात सायकल ठेवता येत नाही. मधली भिंत पाडायची तर आधी अर्ज करावा लागतो. हे रास्तच आहे. जिन्यात अडगळ असली तर आग लागल्यावर माणसे पळणार कुठून? आणि आपल्या खोलीतल्या खांबावर वरच्या तीन बिऱ्हाडांचा भार असतो. पण हातात सत्ता आली की काही माणसांना चेव येतो. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या म्हणून एका म्हातारीला लेखी नोटीस आलेली आम्ही पाहिली आहे! अमेरिकेत तर घरे सुटी सुटी, अंगणासकट असतात. तरी तिथल्या घरमालकांचे संघ पुष्कळ ठिकाणी दाराचा रंग आणि अंगणातल्या गवताची उंचीसुद्धा ठरवतात. वर्गणी थकली तर बऱ्याच राज्यांत घर लिलावात काढायचीही मुभा त्यांना आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अहमदाबादेत पारशी मंडळींची एक गृहसंस्था आहे. सभासद फक्त पारशीच असावा, असा तिचा उपविधी. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी कायद्याला धरून आहे, असा निकाल दिला. आपल्यासारख्या माणसांनी एकत्र राहावे असे कुणालाही वाटते. आम्हालाही ते कळते. पण गावकुसाबाहेर ठेवलेली घरे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. तशी कुसे शहरात नव्याने उभी राहिलेली आम्हाला रुचत नाहीत.

आता त्या गृहस्थांची हकीगत. त्यांना आपण तात्या म्हणू. नोकरी संपताना तात्यांनी डोंबिवलीत दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. पुढे पत्नी वारली. मुले आपापल्या नोकरीच्या गावी. तात्यांनी घराला कुलूप लावले आणि गावी आले. दोन वर्षे तिकडे फिरकले नाहीत. मुलांना वाटले, वडील बिल भरत असतील. वडिलांना वाटले, बंद घराचे कसले बिल?

दोन वर्षांनी गेले तर दाराच्या कडीत कागदांची चवड. तात्यांना सही येत होती, वाचन चालत नव्हते. ती चवड घेऊन ते आमच्याकडे आले. महिन्याला १,५०० रुपये, चोवीस महिन्यांचे ३६,०००. थकलेल्या बिलावर उपविधींप्रमाणे वर्षाला शेकडा २१ पर्यंत सरळ व्याज लावता येते. ते सात हजारांच्या वर गेले होते. शेवटच्या कागदात लिहिले होते की, पैसे न भरल्यास उपनिबंधकांकडे वसुलीसाठी जाऊ. ही धमकी पोकळ नव्हे. उपनिबंधकांनी वसुलीचा दाखला दिला की ती रक्कम जमीन महसुलाच्या बाकीसारखी वसूल होते. घर जप्त होऊ शकते. तात्यांची उभ्या जन्माची कमाई त्या दोन खोल्यांत होती.

आम्ही दोघे डोंबिवलीला गेलो. तात्या सेक्रेटरीला म्हणाले, "घराला कुलूप होतं. पाण्याचा थेंब वापरला नाही. पैसे कशाचे मागता?"

सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही नव्हता म्हणून पंप थांबला नाही. जिन्यातला दिवा रोज लागला. वॉचमन तुमच्या कुलपावरही नजर ठेवत होता."

यावर आम्हालाही उत्तर सुचले नाही. तात्यांची बाजू इथे लंगडी होती. मग आम्ही बिल पुन्हा वाचले. १,५०० रुपयांखाली आणखी ९० रुपयांची एक ओळ होती. बिनभोगवटा आकार. मालक स्वतः राहत नाही आणि घर भाड्याने देतो, तेव्हा सोसायटी हा आकार लावू शकते. तोही वॉचमन, झाडूवाला वगैरे सेवांच्या खर्चाच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही. घरात आपला मुलगा किंवा मुलगी राहत असली, तर हा आकार द्यावा लागत नाही. तात्यांचे घर तर नुसते बंद होते. चोवीस महिन्यांचे २,१६० रुपये कमिटीने चुकीने लावले होते. सेक्रेटरींनी मुकाट्याने ती ओळ खोडली.

मग आम्ही विचारले, "यांचा गावचा पत्ता तुमच्याकडे आहे का?" त्यांनी वही उघडली. पत्ता होता! पण एकही कागद त्या पत्त्यावर गेला नव्हता. कुलूप लावलेल्या दाराला दोन वर्षे नोटिसा अडकवत राहायचे, याला काय म्हणावे? मनात शिवी आली, पण शाळेत जन्म गेलेला, ती तोंडातून निघाली नाही. असा वाद तिथल्या तिथे मिटला नाही, तर सभासदाने उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करावी. त्यापुढे सहकार न्यायालय आहे. सोसायटीचे हिशेब पाहण्याचाही सभासदाला हक्क आहे. तात्यांच्या बाबतीत तेवढी वेळ आली नाही. मुलांनी तीन हप्त्यांत पैसे भरले.

वही उघडलीच होती, म्हणून नॉमिनीचा रकाना पाहिला. तिथे तात्यांच्या पत्नीचे नाव होते. ती माउली जाऊन अडीच वर्षे झाली होती. सभासद वारल्यावर सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, ते या रकान्यावरून ठरते. इथे एक गैरसमज फार आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तीन भावंडांपैकी एकाचे नाव लिहिले, म्हणून इतर दोघांचा वारसाहक्क बुडत नाही. नॉमिनीने ते घर वारसांच्या वतीने सांभाळायचे असते. घर कुणाला द्यायचे, ते ठरवायचे असेल तर मृत्युपत्र वेगळे करावे लागते. तात्यांनी त्याच दिवशी अर्ज भरून थोरल्या मुलीचे नाव घातले.

निघता निघता आम्ही एक खेडवळ प्रश्न विचारला. "या इमारतीखालच्या जमिनीचा उतारा कुणाच्या नावाचा?"

सेक्रेटरी गप्प झाले. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर होती. १९६३ सालच्या कायद्याप्रमाणे बिल्डरने ठरलेल्या मुदतीत ती सोसायटीच्या नावावर करून द्यायला हवी. पुष्कळ बिल्डर देत नाहीत. म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता बिल्डर टाळाटाळ करत असला, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन आपल्या नावावर करून घेऊ शकते. त्याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. शब्द आमच्याही जिभेवर नीट बसत नाही. तो विसरलात तरी चालेल, पण घर घेण्याआधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड कुणाच्या नावाचे, हे विचारायला विसरू नका. पुढे इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, की सारे घोडे तिथेच अडते.

त्या हिवाळ्यात तात्या आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागले. फाल्गुनात त्यांनी सोसायटीला स्वतःच्या हाताने चार ओळींचा अर्ज लिहिला. सगळी बिले आणि नोटिसा गावच्या पत्त्यावर पाठवाव्यात, एवढाच मजकूर. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती. आम्ही ती मुद्दाम तशीच राहू दिली.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि तिची नोटीस निदान चौदा दिवस आधी द्यावी लागते. यंदाची नोटीस पोस्टमनने तात्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचली. सभेची जागा, गच्ची. विषय सहा. पाचवा विषय, जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याबाबत. तात्यांनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली आणि रात्रीच्या एस.टी.ची वेळ विचारायला स्टँडवर गेले.